म्हशीची कचेरी

पाटावरच्या मोरीच्या कठड्यापाशी मालनबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली, कमरेवर हात दिले आणि म्हणाल्या, "हितं मी रोज दुधाची चरवी खाली ठेवायची. हात बदलाया."

सुकन्याने नुसती मान डोलावली, कारण बोलायला तिच्याकडे श्वास उरला नव्हता. फाट्यावर एसटीतून उतरल्यापासून दोघी चालत होत्या. फाट्यावर रिक्षा उभी होती. "आजी, बसा की, उन्हाचं कुठं चालता," म्हणत रिक्षावाला चार पावलं मागेही आला होता. मालनबाईंनी त्याला चपलेपासून टोपीपर्यंत न्याहाळलं आणि सांगितलं, "बाबा, त्या कचेरीत मी जल्मात कधी गाडीनं गेले न्हाई. आज गेले तर मला दार घावायचं न्हाई." तेव्हापासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या मालनबाई पुढे आणि पन्नाशीची मास्तरीण मागे, अशी ही वरात पाटाच्या कडेने निघाली होती.

"काकू, अजून किती?"

"शाळंत पोरांना पळवतीस ना? मग? हा ऊस सपला की आलंच."

ऊस संपायचं काही लक्षण दिसत नव्हतं. दोन्ही अंगाला नुसता हिरवा पाला सळसळत होता. येताना मालनबाई मधूनच त्या उसात डोकावून बघत होत्या, कुणी ओळखीचं बसलेलं असावं तसं. सुकन्याला वाटलं, बिबट्याची भीती वाटत असेल. आजकाल कुणाला वाटत नाही? तिने मनातल्या मनात रामरक्षा सुरू केली.

दोघी निघाल्या होत्या तालुक्याच्या गावी, संग्रहालय बघायला. आणीबाणीत जिथे गुप्त पोलिसांची कचेरी होती, ती दगडी इमारत मधली कितीतरी वर्षं कबुतरांच्या ताब्यात होती. आता काही मंडळींनी पुढाकार घेऊन तिथे त्या काळच्या दडपशाहीचं संग्रहालय केलं होतं. पकडून आणलेल्या माणसांचे फोटो, त्यांना डांबलं ती खोली, तेव्हाची टेबलं-खुर्च्या, असं सगळं. आणि त्या फोटोंत मालनबाईंच्या मालकांचा, गोरक्षनानांचा, फोटो लागला होता.

गोरक्षनाना शेतकरी, पण बोलणारा शेतकरी. घोडेगावच्या बाजारात बैलगाडीवर उभं राहून त्यांनी सरकारविरुद्ध असं भाषण ठोकलं होतं की गिऱ्हाईकं बैलांचे दात बघायचं विसरली. त्याच संध्याकाळी नाना उसात गायब झाले. पुढे काही महिन्यांनी पकडले गेले आणि आणीबाणी उठेपर्यंत तुरुंगात राहिले. सुटून आल्यावर गावाने हार घातले. त्यानंतर जन्मभर पंधरा ऑगस्टला त्यांची खुर्ची सरपंचाच्या शेजारी असायची. दोन वर्षांपूर्वी नाना गेले.

संग्रहालय उघडल्यापासून अख्खं गाव बघून आलं होतं. येताना प्रत्येक जण मालनबाईंच्या ओट्यापाशी थांबे, "लई भारी फोटो लावलाय नानांचा" म्हणे, आणि "खाली काय लिवलंय रं?" असं त्यांनी विचारलं की त्याला एकदम घरचं काम आठवे. भीमा तर म्हणाला, "अक्षर लई बारीक हाय, नानी." भीमा डोंगरावरची शेळी कुणाची ते इथून सांगतो.

मालनबाई काय समजायचं ते समजल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सुकन्या देवपूजा आटपून तुळशीला पाणी घालत होती, तर कुंपणापलीकडून आवाज आला. "सुकन्या, रयवारी सुट्टी हाय ना तुला? माझ्यासंगं चल. भिंतीवर माझं काय लिवलंय ते मला बघायचंय. आन तू दिवाळी अंकात माणसांवर लिवतीस ना? मग एकदा माझंबी ऐक."

भिंतीवर काय असेल, याचा अंदाज सुकन्यालाही होता. या गावात सून म्हणून आली तेव्हाच तिला बायकांनी हळूच सांगितलं होतं, "ती मालन. नवऱ्याला हिनंच धरून दिला. गुप्त पोलिसांच्या दारात दिवसातनं दोनदा जायाची." सांगणाऱ्या बायका आता बऱ्याचशा राहिल्या नव्हत्या, पण सांगणं राहिलं होतं. हळदीकुंकवाला मालनबाईंना बोलावणं यायचं ते सगळ्यात शेवटी, आणि त्या आल्या की गप्पांचा आवाज निम्मा व्हायचा. सुकन्याने त्यांना प्रौढ साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकवली होती, शेजारी राहून वीसेक वर्षं वाटीभर साखरेची देवाणघेवाण केली होती, पण ही गोष्ट विचारायचा धीर तिला झाला नव्हता. दिवसातून दोनदा मालनबाई तिथे जात, हे मात्र खरंच होतं. आणि त्याला कारण होती म्हैस.

"काकू, म्हशीचं नीट सांगा ना," मोरीवर टेकत ती म्हणाली.

"गंगी," मालनबाई म्हणाल्या. "म्हैस काय म्हनतीस? नाव हाय तिला. घोडेगावच्या बाजारात घेतलेली. अशी काळीभोर, शिंगं मागं वळल्याली. मालक उसात पळाले, तर त्या कचेरीच्या साहेबानं घरावर जप्ती आनली. घरात काय हुतं? दोन पातेली आन मी. मला न्हाई नेलं. गंगीला नेलं. साहेब काय बिनडोक न्हवता. बायकोसाठी कोन येतंय? पन म्हशीसाठी शेतकरी येतो, असा त्याचा हिशोब."

"आणि?"

"आन काय. गंगीचं पारडू गेलेलं. तवापासनं ती माझ्याशिवाय कुनालाच पान्हा सोडायची न्हाई. शिपायांनी पेंड घातली, सरकी घातली, पाठ खाजवली. एकानं तर भूपाळी म्हनली. गंगीनं त्याला लाथ घातली. दूध कासंत तुंबलं आन लागली वरडाया. दिसरात एकच सूर."

त्या ओरडण्याने गुप्त कचेरीचं गुप्तपण पार गेलं. त्या इमारतीवर पाटी नव्हती. शिपाई साध्या कपड्यांत, पाठीमागच्या बोळातून जायचे-यायचे. आत काय चालतं ते शेजारच्या शिंप्यालाही ठाऊक नव्हतं. गंगी आली आणि आठ दिवसांत गाव तिथला पत्ता सांगू लागलं. "शिंपी व्हय? म्हशीच्या कचेरीशेजारी." "दवाखाना? म्हशीच्या कचेरीवरनं डावीकडं." वेषांतर करून बाजारात फिरणाऱ्या शिपायाला भाजीवाल्या विचारू लागल्या, "काय दादा, दिली का आज धार?" शेवटी साहेबाने हात टेकले आणि मालनबाईंना निरोप धाडला की सकाळ-संध्याकाळ येऊन म्हैस पिळून जावी.

"मी अट घातली," मालनबाई म्हणाल्या. "निम्मं दूध माझं. शेन तुमचं."

"मानलं साहेबाने?"

"झोपला न्हवता बिचारा. काहीबी मानला असता."

सुकन्या हसली, आणि उठून चालू लागली. म्हणजे असं झालं होतं. नवरा फरारी, आणि त्याला शोधणाऱ्या कचेरीत ज्या एकाच बाईला उघड शिरता येई ती त्याची बायको. दिवसातून दोनदा, डोक्यावर पदर, हातात चरवी. गावाने बघितलं, आणि जो अर्थ काढायचा तो काढला.

ऊस संपला आणि खरंच गाव आलं.

संग्रहालयाच्या दारात स्नेहल नावाची मुलगी बसली होती. माहिती सांगायचं काम तिचं. मालनबाई कोण हे कळल्यावर तिने उठून त्यांच्या पायांना हात लावला, आणि तिकीट घेऊ दिलं नाही.

"चांगलं केलंस," मालनबाई म्हणाल्या. "ह्या दारातनं मी रोज फुकट गेलेय."

पहिल्याच दालनात गुप्त पोलिसाचा पुतळा होता. डोक्याला हॅट, अंगात गुडघ्यापर्यंत लांब कोट, डोळ्यांना काळा चष्मा. मालनबाई त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"ह्यो कोन?"

"आजी, हा गुप्त पोलीस."

"आपल्या उन्हात? कोट घालून?" त्यांनी पुतळ्याची बाही चाचपली. "पोरी, आमचे गुप्त पोलीस पायजम्यात असायचे. एक हुता हनुमंता शिपाई. दारातनं सरळ शिरला तर अडकायचा, आडवा शिरायचा. आन मिशा अशा, कानामागं खोचता येतील. त्याला साहेबानं कधी गारुडी म्हनून पाठवावा, कधी फकीर म्हनून. समदं गाव म्हनायचं, हनुमंता आला, च्या ठिवा."

स्नेहल हसू दाबत पुढे झाली. पुढची खोली लहान होती, आणि तिथे हसू आपोआप थांबलं. खिडकी नाही. दाराला कडी बाहेरून. भिंतीला पाठ लावून बसलं तर पाय लांब करता येणार नाहीत, एवढीच जागा. पकडलेल्यांना आधी इथे ठेवत, मग तुरुंगात पाठवत, असं स्नेहलने हळू आवाजात सांगितलं.

मालनबाई उंबऱ्याबाहेरच थांबल्या. आत गेल्या नाहीत. त्यांनी ती कडी एकदा वर केली, एकदा खाली केली.

"मालक जल्मभर दार उघडं टाकून झोपले," त्या म्हणाल्या. "थंडी असू दे, पाऊस असू दे. कुत्री घरात यायची, भाकरी न्यायची. मी रोज भांडायची, की दाराला कडी काय देखावा म्हनून लावलीया का." मग, "मला म्हनले हुते, आत काय न्हाई, नुसता च्या पाजला," असं म्हणाल्या, आणि पुढे निघाल्या.

सुकन्याने त्या रिकाम्या खोलीला हात जोडले. का जोडले ते तिला सांगता आलं नसतं.

फोटो तिसऱ्या दालनात होते. नाना सापडले. तरुण, टोपी तिरकी, डोळ्यांत बैलगाडीवरचं भाषण अजून चालू. खाली फलक. अक्षर चांगलं ठळक होतं, भीमाने नाहक अक्षरावर आळ घेतला होता.

"वाच," मालनबाई म्हणाल्या.

सुकन्या वाचू लागली. नानांचं गाव, घोडेगावचं भाषण, उसातलं भूमिगत आयुष्य. मग ती एका ओळीपाशी आली, तिथे अडखळली, आणि उडी मारून थेट तुरुंगात गेली.

"थांब. मधली वळ कुठं गेली?"

"नाही काकू, सगळं वाचलं."

मालनबाईंनी तिला बाजूला सारलं. फलकाला नाक लावलं, बोट ठेवलं, आणि मोठ्याने सुरुवात केली, "ज, व, ळ, च्या, च... जवळच्याच. व्य, क्ती, ने..." दालनातले दोन-तीन पाहुणे वळून बघू लागले. सुकन्याला घाम फुटला. वर्गात याच बाईंना ती म्हणाली होती, काकू, मोठ्याने वाचावं, लाजू नये. "के, ले, ल्या... फि, तु, री..."

"जवळच्याच व्यक्तीने केलेल्या फितुरीमुळे ते पकडले गेले." मालनबाईंनी ओळ पुरी केली आणि बोट काढलं. "तूच शिकीवलंस, आन तूच गिळतीस व्हय गं?"



"आजी," स्नेहल घाबरून म्हणाली, "हे मी नाही लिहिलं. नानांचीच भाषणं आहेत, त्यांत तेच म्हणालेत. फितुरी झाली म्हणून. कुणी केली ते त्यांनी कधी सांगितलं नाही."

"सांगतील कसे," मालनबाई म्हणाल्या. "मागचं अंगन हाय का अजून? चला. मला बसू द्या."

मागच्या अंगणात बाभूळ होती, आणि बाभळीखाली लांबट दगडी कुंड. त्यावर छोटी पाटी लावली होती: दगडी कुंड, उपयोग अज्ञात. मालनबाईंनी ती वाचली, या खेपेला भराभर, आणि त्या कुंडाच्या काठावर बसल्या.

"उपयोग पेंड," त्या म्हणाल्या. "ही गंगीची गव्हान. बसा."

त्यांनी पिशवी उघडली. सुकन्याला वाटलं होतं, भाकरी असेल. पिशवीतून निघालं हिरवं नऊवारी लुगडं, धुऊन धुऊन विटलेलं, घडी घडीवर फाटायला आलेलं.

"फितुरी केली असंल तर ह्यानं," मालनबाई म्हणाल्या.

आणि मग त्यांनी सांगितलं.

"माझी आई आजारी पडली. कर्जतकडं माहेर माझं. सांगावा आला, चार दिस येऊन जा. मी साहेबाला म्हनलं, जाते. साहेबाचं तोंड एवढंसं झालं. म्हनला, 'बाई, आईला लवकर बरं वाटू दे, पन म्हशीचं काय?' तर ह्यो हनुमंता शेतकऱ्याचं पोरगं. तो म्हनला, 'वहिनी, आमची आई माहेरी गेली की आमचा बाप तिचं लुगडं नेसून धार काढायचा. जनावर वासावर जातं. तुमी एक लुगडं द्या. धुतलेलं नगं, अंगावरचंच द्या.' मी हे काढून दिलं आन दुसरं नेसून कर्जतच्या गाडीत बसले."

"म्हणजे हनुमंत..." सुकन्याच्या लक्षात येऊ लागलं.

"पायजम्यावर नऊवारी. साहेबाच्या डायव्हरनं निऱ्या घातल्या. डोक्यावर पदर घेऊन बसला हितं, ह्या जागंवर. आन गंगीनं वास घेतला, आन सोडला की पान्हा! चरवी काठोकाठ. त्या हनुमंताला साहेबानं गारुडी केला, फकीर केला, मानसाचं पोर एक फसलं न्हाई. पहिल्यांदा कोन फसलं, तर माझी म्हैस."

स्नेहल तोंडावर ओढणी धरून बसली होती.

"आता मालकांचं ऐका. आपन आलो ना, त्या पाटाच्या कडंच्या उसात ते बसायचे. मी सकाळ-सांज त्या वाटंनं जायाची, ते आतनं बघायचे. मला काय म्हाईत? मी मोरीवर चरवी ठिवून हात बदलायची, आन हे हातभरावर बसल्याले. पन बोलले न्हाईत, का तर माझ्यावर संकट नगं. मी गेले कर्जतला. वाटंवर दिसंना. एक दिस, दोन दिस. त्यांना वाटलं, साहेबानं हिलाबी आत टाकली. मग न्हाई राहवलं. त्या तिथं भिंतीला भगदाड हुतं. दिस मावळायच्या आधी, ऊन हुतं अजून, भगदाडातनं डोकावले. बघतात तर म्हशीखाली हिरवं लुगडं."

मालनबाईंनी मांडीवरच्या लुगड्याचा काठ उगाच सरळ केला.

"आत आले. मागनं आले. त्याच्या पाठीवर हात ठिवला, आन म्हनले..."

"काय म्हणाले?" दोघींनी एकदम विचारलं.

पंचाहत्तरी ओलांडलेली बाई लाजली. खरोखर लाजली, पदर तोंडाशी नेऊन.

"म्हनले, 'मालने, माझ्यापायी किती गं वाळलीस.'"

स्नेहलने, फार जपून, विचारलं, "आजी, म्हणजे ते हनुमंतला म्हणाले? दारातून आडवा शिरणाऱ्या?"

"त्यालाच."

यानंतर जे हसणं झालं त्याने बाभळीवरचे पक्षी उडाले. दालनातल्या पाहुण्यांपैकी एक गृहस्थ दारात येऊन "इथे शांतता राखा असं लिहिलंय" असं म्हणाले आणि परत गेले. सुकन्या डोळे पुसत होती, स्नेहल गव्हाणीत वाकून हसत होती, आणि मालनबाई मान हलवत पुढे सांगतच होत्या.

"हनुमंता दचकून उभा ऱ्हायला. पदर पडला. मिशा दिसल्या. मालक वरडले, त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हनुमंता वरडला, गंगीनं चरवी लवंडली. साहेब बाहीर पळत आला. हनुमंता मला नंतर सांगायचा, 'वहिनी, मी न्हाई वो पकडलं. मी लुगडं आवरत हुतो, नाना चप्पल हुडकत हुते. तेवढ्यात साहेब आला.' साहेबानं वर कळीवलं, लई हुशारीनं सापळा लावला म्हनून. हनुमंताला शाबासकी मिळाली. तीन दिस जेवला न्हाई तो."

"आणि नानांनी हे कुणाला सांगितलं नाही."

"सुटून आले, तर वेशीपासनं हलग्या. गळ्यात हार, आन कुनीतरी इचारलं, नाना, तुमच्यासारखा मानूस घावला कसा? आता काय सांगतील? शिपायाला बायको समजलो? म्हनले, फितुरी झाली. एकदा तोंडातनं गेलं ते गेलं. दर साली भाषनात तेच. लोकांनी फितूर हुडकला. लांब जायला नगं हुतं, मी हुतेच की. घरी आल्यावर मी भांडले तर देवीम्होरं हात धरून शपथ घातली, 'मी हाय तवर सांगू नगंस.'" मालनबाईंनी लुगडं पिशवीत कोंबलं. "ते हाय तवर. आता ते न्हाईत. एक वरीस दुखवट्याचं म्हनून गप बसले. दुसरं सवय म्हनून."

सुकन्या विचारात पडली. देवीसमोरची शपथ ती हलकी मानत नव्हती. पण शपथ जेवढी घातली तेवढीच पाळायची असते, आणि ही पुरी पाळून झाली होती. वर दोन वर्षं दक्षिणा म्हणून दिलेली. देवीची काही तक्रार असेल असं तिला वाटलं नाही.

"आजी," स्नेहल आता गंभीर झाली होती, "मी समितीला सांगते. फलक बदलू. पण मग खरं काय ते लिहावं लागेल. लुगड्यासकट?"

मालनबाई गव्हाणीच्या दगडावरून हात फिरवत राहिल्या. एवढी पायपीट करून त्या भिंतीवरचं आपलं नाव पुसायला आल्या होत्या, आणि ते पुसायचं तर त्याच भिंतीवर मालकांचं हसं होणार. ती कडी वर-खाली करताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं होतं, ते सुकन्याला आता पुन्हा दिसलं.

"भिंतीवर नगं," त्या शेवटी म्हणाल्या. "भिंतीम्होरं लोक हात जोडून उभं ऱ्हात्यात. तिथं कुनी हसू ने."

"मग फितुरी तशीच ठेवायची?" सुकन्याने विचारलं. तिचा आवाज तिच्याही नकळत चढला होता.

स्नेहल म्हणाली, "आजी, असं लिहिलं तर? 'पत्नीच्या काळजीने तिला भेटायला आले असता पकडले गेले.'"

मालनबाईंनी ते पुटपुटून बघितलं. पुन्हा एकदा म्हणून बघितलं.

"ह्यात खोटं काय हाय?"

"काहीच नाही."

"मग फितुरी काढ, आन हे लाव. ठळक लाव. भीमाला दिसलं पाहिजे."

निघताना स्नेहलने लुगड्याकडे बोट केलं. काचेच्या पेटीत ठेवता आलं तर, असं ती म्हणत होती. मालनबाईंनी पिशवी काखेत घट्ट धरली. "न्हाई बाई. सरकारनं एकदा नेसून परत दिलंय. आता दुसऱ्यांदा न्हाई द्यायची."

परतीला त्या आपण होऊन रिक्षात बसल्या. सकाळचाच रिक्षावाला होता. "काय आजी, आता कसं काय?" त्याने विचारलं. "आता त्या कचेरीत माझं काय काम ऱ्हायलं न्हाई," त्या म्हणाल्या, "हळू चालव." पण मोरी आल्यावर त्यांनी रिक्षा थांबवायला लावली. उतरल्या नाहीत. बसल्या जागेवरून उसाकडे बघत राहिल्या. पाला सळसळत होता. सुकन्याला आता कळलं होतं की सकाळी त्या बिबट्या बघत नव्हत्या.

"सुकन्या."

"हं, काकू."

"तू लिवशील ना दिवाळीत?"

"तुम्ही म्हणालात तर लिहीन."

"समदं लिव. भिंतीवरचं येगळं, तुझं येगळं. लुगडं लिव, निऱ्या लिव, मिशा लिव. हसू देत लोक. मालकांना आता रुसून दुसऱ्या खोलीत जाता येत न्हाई."

रिक्षावाला आरशातून बघत होता. मालनबाईंनी पदर ओढून घेतला आणि आवाज खाली आणला.

"पन एवढं कर. ते मागनं येऊन जे म्हनले ना, तसं उभ्या जल्मात पुन्ना कधी म्हनले न्हाईत. म्हनताच आलं न्हाई त्यांना, हनुमंता आठवायचा. एकदाच म्हनले. तर ते हनुमंताला म्हनले असं लिवू नगंस. ऐकलं त्यानं, ते लिव. पन म्हनले मला. ते माझं हाय, माझ्या नावावर लिव."